चर्चेला कोणती घ्यावी: ‘बनगरवाडी’ की ‘गोतावळा’?

वाचन गटात उपेक्षितांवरची, तीही लेखकाची पहिलीच कादंबरी घ्यायची ठरली की कोल्हापुरात दोन नावं हमखास पुढे येतात: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१). दोघांच्याही कथा त्याआधी छापून आल्या होत्या, त्यामुळे पहिलेपणाचा कच्चेपणा शोधायच्या नादी लागू नये. कोणती कादंबरी थोर, हा वाद इथे नाही. दहा-बारा माणसं दोन तास बसणार असतील तर कोणत्या पुस्तकावर बोलणं नीट होतं, एवढंच बघायचं आहे.

सोय बघाल तर ‘बनगरवाडी’ सरळ पुढे आहे. पुस्तक लहान, दोन संध्याकाळींत संपणारं. निवेदन प्रमाण मराठीत, माणदेशी बोली मुख्यतः संवादांत. प्रसंग सुटे काढून वाचता येतात: शेकूला जोडीचा दुसरा बैल मिळत नाही तेव्हा जुवाखाली खांदा देणारी त्याची बायको, तालमीचं बांधकाम, दुष्काळात वाडीचं उठून जाणं. १९९५ चा अमोल पालेकरांचा चित्रपट पाहून काही जण पुस्तक न उघडताच येतात, पण तो त्रास किरकोळ.

खरा त्रास मास्तरांचा. गोष्ट सांगणारा बाहेरून धनगरांच्या या वाडीत आलेला तरुण शिक्षक आहे, आणि शिकलेला वाचक नकळत त्याच्याच खुर्चीत बसतो. अर्ध्या तासात चर्चा एकशिक्षकी शाळांवर जाते, मग ‘आमच्या वेळचे मास्तर’ सुरू होतं, आणि कारभारी, शेकू, आनंदा रामोशी ही सगळी मास्तरांच्या गोष्टीतली माणसं होऊन बसतात. ‘किती साधी माणसं हो!’ असं कुणीतरी म्हणतं, सगळे माना डोलावतात, आणि तिथे विषय संपतो. यात माडगूळकरांचं कसबच आड येतं. निवेदन इतकं शांत आणि विनातक्रार आहे की वाचकाला कुठेही टोचत नाही.

यावर उपाय आहेत. पहिली चाळीस मिनिटं मास्तरांबद्दल बोलायचंच नाही, असा नियम करावा. किंवा तिघा-तिघांना एकेक पात्र वाटून तोच प्रसंग त्या पात्राच्या बाजूने सांगायला लावावा. चालतं, पण बैठक चालवणाऱ्याला सतत लगाम धरून बसावं लागतं. शिवाय धनगर आरक्षणाचा विषय निघाला की पुस्तक मिटलंच म्हणून समजा. विषय महत्त्वाचा आहे, पण त्यासाठी वेगळी बैठक लावावी.

‘गोतावळा’त ही खुर्चीच नाही. नारबा हा शेतावरचा गडी, आणि तोच बोलतो, त्याच्याच बोलीत. त्याचं गणगोत म्हणजे मळ्यावरची जनावरं. समजावून सांगायला बाहेरचं कुणी नाही. ट्रॅक्टर घ्यायचा निर्णय मालकाच्या घरात होतो, नारबाच्या वाट्याला फक्त परिणाम येतात. वाचकाला नारबाशेजारी उभं राहावं लागतं, नाहीतर आपण मालकाच्या ओसरीवर बसलोय हे कबूल करावं लागतं. आणि कोल्हापुरात जमलेल्या दहांतले चार-पाच तरी ऊस-ट्रॅक्टरवाल्या घरातले असतात. त्यांच्यातला एखादा म्हणतोच, ‘पण ट्रॅक्टर घेतला नसता तर मालकाचं कसं भागलं असतं?’ हा प्रश्न दाबू नये. तिथूनच चर्चा सुरू होते. मग सालगड्याचा पाडव्याला ठरणारा करार, धान्य किती नि रोख किती, यंत्राने वाचलेला पैसा कुणाकडे गेला, आणि आज हंगामाला बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचं हार्वेस्टर आल्यावर काय होणार, इथपर्यंत गाडी आपोआप येते.

अडचणी इथेही आहेत. पहिली बोलीची. बोललं तसं लिहिलेलं असल्याने डोळ्यांनी वाचताना शहरातला वाचक वीस-पंचवीस पानांत दमतो आणि पुस्तक बाजूला ठेवतो. म्हणून पहिल्या बैठकीत चर्चा करूच नये, मोठ्याने वाचावं. पानाला अडीच-तीन मिनिटं धरली तर दहा पानांना अर्धा तास पुरतो, आणि कानाला बोलीची सवय झाली की पुढचं घरी सरसर होतं. वाचायला कागल, गडहिंग्लज भागातलं माणूस मिळालं तर उत्तमच, यादव कागलचेच. पण त्याला आधी बजावून ठेवा की अभिनय करायचा नाही. हेल काढून, नाटकी वाचलं की लोक हसायला लागतात, नारबाचा विदूषक होतो आणि मग तो काही केल्या परत माणूस होत नाही. सपाट वाचावं. अडलेले शब्द मध्येच न विचारता कागदावर टिपून शेवटी विचारावेत, नाहीतर वाचन तुटतं.

दुसरी अडचण संथपणाची. जनावरांची वर्णनं लांब वाटतात आणि लोक ती गाळतात. ती गाळली तर शेवट नुसता कळतो, लागत नाही. हे आधीच सांगून ठेवावं. दोन बैठकांत दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवावं. जास्त झालं तर कानाची सवय पुन्हा मोडते. वेगवेगळ्या आवृत्त्यांत पानं जुळत नाहीत, म्हणून पानाऐवजी प्रसंग सांगायची सवय लावावी.

एक आक्षेप रास्त आहे: नारबाचा आवाजही शेवटी यादवांनीच घडवलेला, आणि ते पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. गड्याच्या तोंडी प्राध्यापकाची कविता येते का, हे जरूर तपासावं. मला एक-दोन ठिकाणी तसं वाटतं. पण तो वाद पुस्तकाच्या आत राहून होतो. मास्तरांवरून निघालेला वाद मात्र गावभर फिरून येतो.

गट नवा असेल, कॉलेजची मुलं जास्त असतील किंवा एकच बैठक हाताशी असेल तर ‘बनगरवाडी’ घ्या, वर सांगितलेला नियम तेवढा पाळा. गट जुना असेल, दोनदा जमायची तयारी असेल आणि एकमेकांशी थोडं वाकडं बोलायची सवय असेल, तर माझं मत ‘गोतावळा’ला. प्रतींचं मात्र महिनाभर आधी बघा. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करा, पण सगळ्यांना पुरतील इतक्या प्रती एका ठिकाणी मिळतील असं धरून चालू नका. तिघांत एक प्रत असली तरी भागतं, कारण पहिली बैठक तशीही ऐकण्याचीच आहे.