आप्पांचं ४८६, डॉट मॅट्रिक्स आणि ती वरची पिन : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

"हेड गेलं भाऊ. नवीन टाकलं तर चार हजार दोनशे, त्यापेक्षा थोडी भर टाका अन् नवीनच घ्या." हे मला फेब्रुवारीत जळगावच्या एका रिपेअरिंगवाल्याने आमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरबद्दल सांगितलं. हेड म्हणजे रिबनवर पिना ठोकून अक्षरं उमटवणारा भाग. मल्टिमीटर लावला नाही, हेड बाहेर काढलं नाही, नुसता सेल्फ टेस्टचा, म्हणजे प्रिंटरने स्वतःच छापलेला चाचणीचा कागद उजेडात धरला आणि निकाल दिला. वर बघणावळ तीनशे रुपये घेतली. सावद्यापासून प्रिंटर मांडीवर घेऊन गेलो होतो, परत मांडीवरच आणला. तोच प्रिंटर आज रोज वीस-पंचवीस पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या केळीच्या हिशोबाच्या पावत्या) छापतोय, हेड तेच आहे आणि खर्च झाला पावणेतीनशे. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे माळ्यावर असे कितीतरी प्रिंटर पडून असतील आणि "हेड गेलं" ऐकून भंगारात जात असतील.

मशीन, म्हणजे आप्पांचा कॉम्प्युटर, १९९५ चं. ४८६ डीएक्स२-६६ प्रोसेसर, ८ एमबी रॅम, ४२० एमबी हार्ड डिस्क, डॉस ६.२२, त्यावर फॉक्सप्रोमध्ये करून घेतलेला केळी पट्टीचा प्रोग्राम, आणि आत पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड, म्हणजे डॉसच्या काळ्या स्क्रीनवर सरळ मराठी. सोबत नऊ पिनांचा ८० कॉलमी डॉट मॅट्रिक्स. आप्पांनी २००६ पर्यंत यावर धंदा केला. नंतर जुन्या धाब्याच्या घरात माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून. अठरा उन्हाळे, ते पण आपल्याकडचे. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढलं.

एक गोष्ट बरी केली की लगेच प्लग लावला नाही. आमच्याकडे मोटार रिवाइंडिंगवाला आहे, त्याच्या सिरीज बोर्डवर १०० वॅटचा जुना बल्ब लावून सप्लाय तपासला. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो, नसेल तर एकदा चमकून मंद होतो. आपला मंद झाला. जुने सप्लाय लोडशिवाय नीट चालू होत नाहीत, म्हणून पाच व्होल्टला मोटरसायकलचा टेललाइटचा बल्ब जोडला होता. पाच आणि बारा दोन्ही व्होल्टेज बरोबर आलं. बोर्डवर लावताना पी८ आणि पी९ या दोन कनेक्टरच्या काळ्या वायरी मध्ये शेजारीशेजारी आल्या पाहिजेत, उलट लावलं तर बोर्ड संपला, हे विसरू नका. मॉनिटर उघडायच्या भानगडीत पडलो नाही, पिक्चर ट्यूबमध्ये हाय व्होल्टेज साठून राहतं. घरात पडलेला एलसीडी व्हीजीए केबलने लावला, चालला.

बोर्डवर मात्र बॅटरीने घाण करून ठेवली होती. त्या काळातल्या बोर्डांवर ३.६ व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी डागून लावलेली असते, ती फुटते आणि आतला अल्कली तांब्याच्या रेघा खात जातो. कीबोर्डच्या सॉकेटजवळ हिरवा-निळा थर, मोरचूद सांडल्यासारखा. बॅटरी कापून काढली, थरावर पांढरं व्हिनेगर टूथब्रशने लावलं (अल्कली आहे म्हणून आंबट लागतं, नुसत्या पाण्याने जात नाही), मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि दोन दिवस सावलीत वाळवलं. तरी कीबोर्ड एरर येतच होता. भिंगातून पाहिलं तर एक रेघ मधेच गायब. रिवाइंडिंगवाल्या भोने केसासारखी तार डागून दिली, चहावर काम झालं. नवीन बॅटरी बोर्डवर डागली नाही, बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते तिथे तीन पेन्सिल सेलचा होल्डर लावला आणि मध्ये डायोड टाकला. डायोड टाकाच, नाहीतर बोर्ड त्या साध्या सेलना चार्ज करू पाहतो आणि ते पण फुटतात.

चालू केल्यावर डिस्कची ती कुईंऽऽ करत चढत जाणारी शिटी आली, मग खडखड, मग सी प्रॉम्प्ट. आप्पा बाहेर ओट्यावर बसले होते, आवाज ऐकून आत आले आणि स्क्रीनकडे न बघता म्हणाले, "तारीख टाक आधी." तारीख खरंच १९८० ची होती.

पहिलं काम डेटा काढण्याचं केलं. ही डिस्क यूएसबीच्या अडॅप्टरला लागेल असं धरून चाललो होतो, लागली नाही, कारण इतक्या जुन्या बऱ्याच डिस्का एलबीए पद्धत (डिस्कवरच्या जागांना सरळ ओळीने नंबर देण्याची) ओळखत नाहीत आणि ते अडॅप्टर तेवढीच पद्धत बोलतात. मग साडेतीनशेचा आयडीई-कॉम्पॅक्ट फ्लॅश अडॅप्टर मागवला, जुनं २५६ एमबीचं कार्ड फोटो स्टुडिओवाल्या मित्राकडून घेतलं, त्याच केबलवर स्लेव्ह, म्हणजे दुसरी डिस्क म्हणून लावून डॉसच्या एक्सकॉपी कमांडने सगळं कॉपी केलं. बायोसला ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही, त्यामुळे मोठं कार्ड घेण्यात अर्थ नाही. सगळा डेटा आला, १९९५ पासूनच्या पट्ट्या, केळीच्या मालाप्रमाणे पिलबाग वेगळी, नवती वेगळी, वापसी वेगळी.

हे सगळं झाल्यावर जानेवारीत मी वहीत लिहून ठेवलं होतं : "कॉम्प्युटर एक नंबर, प्रिंटर बेकार, कॉम्प्युटर ठेवायचा, प्रिंटर देऊन टाकायचा." ते मत आता पूर्ण उलटं झालंय.

कारण प्रिंटरच्या हेडची सगळ्यात वरची पिन मारतच नव्हती. नऊपैकी एक पिन, कुणी म्हणेल काय एवढं. सांगतो काय एवढं. सेल्फ टेस्ट मारली, म्हणजे लाइन फीडचं बटण दाबून धरून स्विच चालू, तर इंग्रजी टीला डोकंच नाही, नुसता खुंट. सातला वरची आडवी दांडी नाही, त्यामुळे सात आणि एक सारखेच. पट्टीवर भाव ११०० आहे की १७०० हे शेतकऱ्याने ओळखायचं कसं? अक्षरं घाण दिसतात इतकंच असतं तर चालवून घेतलं असतं, पण हा आकड्यांचा विषय आहे, क्विंटलमागे सहाशे रुपयांचा.

आणि मराठीत तर अजून वाईट. मराठी छापताना प्रिंटर ग्राफिक मोडमध्ये जातो, तेव्हा नऊपैकी वरच्या आठ पिना वापरतो, आठ-आठ ठिपक्यांच्या पट्ट्या एकाखाली एक. वरची पिन मेली की प्रत्येक पट्टीत एक पांढरी रेघ. लॅपटॉपवरून छापलं तर ती रेघ कुठेही यायची, कधी अक्षराच्या पोटात, कधी मात्रेवर. पण जिस्ट कार्डावरून छापताना ओळींचं अंतर ठरलेलं, आणि आमच्या नशिबाने ती रेघ प्रत्येक ओळीत बरोब्बर शिरोरेषेवर. म्हणजे पूर्ण पट्टीभर एकाही शब्दाला शिरोरेषा नाही, 'सावदा' लिहिलंय ते सुटी हाडं मांडल्यासारखं. आप्पांनी कागद हातात घेतला, नखाने ओळीच्या वरून फिरवला आणि खाली ठेवला. बोलले काहीच नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं की ही पिन चालली पाहिजे.

म्हणून जळगाव, आणि तिथे काय झालं ते वर सांगितलं.

परत आल्यावर रिवाइंडिंगवाला भोच म्हणाला, "अरे कॉइल तर बघ ना आधी." प्रत्येक पिनेच्या मागे एक बारीक कॉइल असते, करंट आला की पिन पुढे ठोकली जाते. हेडच्या चपट्या केबलच्या टोकाला मल्टिमीटर लावून कॉमनपासून एकेक कॉइल मोजली. एखादी तुटलेली असती तर रीडिंगच आलं नसतं, शॉर्ट असती तर खूप कमी आलं असतं, आणि शॉर्ट कॉइल तशीच चालवली तर तिला करंट देणारा ट्रान्झिस्टर पण जातो. आमच्या नऊच्या नऊ सारख्या. म्हणजे हेड गेलेलं नव्हतं, पिन नुसती अडकली होती. दहा मिनिटांचं काम, आणि तिथे मी तीनशे देऊन आलो, याचा राग मला अजून आहे.

पिन अडकली कशाने, ते आप्पांना विचारल्यावर कळलं. शेवटची काही वर्षं रिबनचे पैसे वाचवायला जुन्याच रिबनवर स्टॅम्प पॅडची शाई सोडायचे. त्या काळी सगळेच करायचे. डॉट मॅट्रिक्सच्या रिबनची शाई तेलकट असते, ती छापते पण आणि पिनांना वंगण पण देते. पॅडची शाई वाळते, गोंदासारखी होते, त्यात कागदाची धूळ बसते. त्यावर अठरा वर्षं ४४-४५ डिग्रीत भाजून निघालं.

उपाय सोपा आहे, घाई नको फक्त. प्रिंटर बंद, हेड थंड (छापून झाल्या झाल्या हात लावू नका, चांगलं पोळतं), हेड काढलं, केबल जपून. लोणच्याच्या बरणीच्या झाकणात सुती कापडाची घडी, त्यावर आयसोप्रोपाइल, आणि हेडचं फक्त नाक त्यावर टेकवून ठेवलं. पूर्ण हेड बुडवायचं नाही. रात्रभर. सकाळी कापडावर नऊ ठिपके पाहिजेत तिथे जांभळा-काळा डाग पसरलेला. कापड बदललं, परत रात्रभर. तिसऱ्या दिवशी डाग फिका झाला, मग नाकावर शिलाई मशीनच्या तेलाचा अर्धा थेंब, पुसून घेतलं, नवीन रिबन लावली, टेस्ट मारली. पहिल्या चार ओळी तशाच. पाचव्या ओळीत टीच्या डोक्यावर दोन ठिपके आले. आठव्या ओळीत पूर्ण दांडी. मी तो कागद जपून ठेवलाय, खुंटापासून टी कसा होत गेला ते त्यावर ओळीओळीने दिसतं.

तेव्हाच हेडचा सरकायचा रॉड पण पुसून तेल लावलं, जुनं ग्रीस मेणासारखं झालं होतं. रबरी रोळ साबणाच्या पाण्याने पुसला.

आता वापराचं. मार्चपासून प्रिंटर दुकानात रोजच्या कामाला आहे, लॅपटॉपला यूएसबी-पॅरलल केबल लावून. आधी थर्मल मशीनवर पट्टी द्यायचो, पण ती पट्टी शेतकऱ्याच्या खिशात, गाडीच्या डिकीत राहते, आपल्या उन्हात महिन्या-दोन महिन्यात कुठे काळी पडते, कुठे उडून जाते. मागच्या वर्षी एकाशी हमाली कापली की नाही यावर वाद झाला आणि त्याच्याजवळची पट्टी कोरी कागद झालेली, मला माझी वही दाखवून पटवावं लागलं. आप्पांच्या १९९६ च्या कार्बन प्रती आजही वाचता येतात. शिवाय ठोकून छापणारं यंत्र आहे म्हणून एकदाच तीन प्रती निघतात, इंकजेटने ते होतच नाही. तोटे पण आहेत. मराठी ग्राफिकमध्ये छापायला वेळ लागतो, काट्यावर चार ट्रॅक्टर उभे असले की लोक कुरकुरतात. आवाज आहे. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली सलग छापलं की मधेमधे थांबायचा, हेड तापलं की काही मॉडेल स्वतःच दम खातात. मी मोठी छपाई सकाळी नऊच्या आत उरकायला लागलो.

आणि कॉम्प्युटर, ज्याला मी एक नंबर म्हणालो होतो? डिस्क एप्रिलमध्ये खडखडून बंद पडली, डेटा आधी काढला होता म्हणून जीव भांड्यात पडला. आता कार्डावरून चालतो, पण रोजच्या कामाचा नाही. मी तो रविवारी लावतो, जुन्या पट्ट्यांसाठी. त्या फाइली लॅपटॉपवर उघडल्या तर मराठीच्या जागी कचरा दिसतो, कारण त्या इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना नंबर देण्याच्या जुन्या पद्धतीत आहेत. 'क'चा नंबर १७९, तर डॉसमध्ये जिस्ट कार्ड नसेल तर तिथे उभी रेघ दिसते आणि विंडोजमध्ये बारीकसा वर चढवलेला तीन. यूनिकोडची देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली असल्याने अक्षर-अक्षर जुळवणं अवघड नाही, माझ्या मुलीने तक्ता करायला घेतलाय, पण जोडाक्षरं आणि नुक्त्यापाशी अडतं. ते होईपर्यंत जुनी पट्टी नीट मराठीत बघायची तर ४८६ शिवाय मार्ग नाही, तेवढ्यासाठी तो पाहिजेच.

गेल्या आठवड्यात चिनावलचे एक बाबा आले, आप्पांच्या वयाचे, त्यांना १९९७ ची कांदेबाग केळीची पट्टी हवी होती, भावाभावांत जुन्या शेताचा काही हिशोब होता. रविवारी मशीन लावलं, फाइल सापडली, जिस्टवरून छापली. शिरोरेषा सरळ, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. आप्पांनी ऑफिस कॉपी वेगळी मागून घेतली आणि उजेडात धरून म्हणाले, "तिसरी फिकी आहे."

आहे खरी. रिबन नवीन आहे, म्हणजे कागदाच्या जाडीच्या लिव्हरचा प्रश्न. सध्या तिसऱ्या खाचेवर आहे, दुसऱ्यावर आणून बघतो, येत्या रविवारी.