90 सेंटिमीटरच्या फळीवर शंटिंग यार्ड: 8 महिन्यांच्या वापरानंतर

फ्लॅटमध्ये मॉडेल रेल्वे म्हटली की पहिला नकाशा गोल फेरीचाच निघतो. 249 मिमी त्रिज्येचा गोल घेतला तरी फळी अर्ध्या मीटरपेक्षा रुंद लागते, आणि चार दिवसांत गाडी नुसती फिरताना बघायचा कंटाळा येतो. ब्रिटनच्या ॲलन राइट यांचा इंगलनुक हा शंटिंगचा, म्हणजे इंजिनाने वाघिणी मागेपुढे नेऊन लावण्याचा, नकाशा 90 बाय 20 सेमीच्या फळीवर बसतो आणि 8 महिन्यांनीही रोज संध्याकाळी हात तिकडे वळतो.

रचना साधी आहे. दोन सांधे (रुळाला फाटा फोडणारे तुकडे), तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बंद टोकाचे रूळ). एकात 5 वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत 3-3, आणि शंटिंग नेकमध्ये (सांध्यांच्या अलीकडच्या, इंजिन मागेपुढे करायच्या रुळावर) इंजिन अधिक 3 वाघिणी. एकूण 8 वाघिणी. त्यांतल्या 5 च्या चिठ्ठ्या काढायच्या आणि निघालेल्या क्रमानेच गाडी लांब सायडिंगवर उभी करायची. असे क्रम 6720 होतात.

हे सगळं मापांवर उभं आहे. इथली मापं एन स्केल या छोट्या मॉडेल-प्रमाणाची, काटो कंपनीचे युनिट्रॅक हे जोडायचे तयार रूळ, जपानी वामू 80000 वाघिणी आणि डीई10 इंजिन धरून आहेत. वाघीण 64 मिमी, इंजिन 94 मिमी. म्हणजे नेकला किमान 286 मिमी हवेत. 248 आणि 62 चा तुकडा जोडून 310 होतात, 24 मिमी मोकळे राहतात. जागा आहे म्हणून नेक आणखी लांबवू नका. 350 झाले की चौथी वाघीण मावते आणि कोड्यातली सगळी गंमत जाते. सायडिंगलाही हाच नियम: पाचाच्या जागी सहावी शिरता कामा नये.

पुढे 4 नंबरचा डावा सांधा, 126 मिमीचा. त्याच्या वळत्या फाट्याला 481 मिमी त्रिज्येचा 15 अंशांचा उलटा तुकडा लावला की रूळ 33 मिमी अंतरावर समांतर होतात. त्याला 248 जोडला की पाचाची सायडिंग झाली. सरळ फाट्याला लगेच उजवा सांधा. त्याच्या सरळ बाजूला 248, वळत्या बाजूला पुन्हा तोच उलटा तुकडा आणि 124. चार टोकांना चार बफर, म्हणजे गाडी अडवणारे ठोकळे. सरळ तुकडे एकूण पाच: 248 चे तीन, 124 चा एक, 62 चा एक.

नवशिक्यांचा हिशोब हमखास चुकतो तो फाउलिंग मार्कपाशी, म्हणजे जिच्या पुढेच वाघीण शेजारच्या गाडीला न घासता उभी राहते त्या खुणेपाशी. सांधा संपला की लगेच वाघीण उभी करता येत नाही. तिथे दोन रुळांत जेमतेम 16 मिमी अंतर असतं आणि वाघीण 19 मिमी रुंद. शेजारून जाणारीचा कोपरा तिला घासतो. सांध्याच्या टोकापासून साधारण 40 मिमी सोडून रुळाकडेला पांढरा ठिपका द्या आणि सायडिंगची लांबी तिथून मोजा. लांब सायडिंगला 40 अधिक 320 अधिक बफरपाशी 20, म्हणजे 380. छोटीला दुसऱ्या सांध्याचे 126, मग 40, 192 आणि 20, म्हणजे 378. दुसरा सांधा दोन वाघिणींची जागा खातो, म्हणून पाच आणि तीन शेजारीशेजारी चपखल बसतात. नकाशा किती विचारपूर्वक केलाय ते इथे कळतं.

वीज फक्त नेकमध्ये द्या. 62 चा तुकडा वायरवालाच घ्या. सांध्याच्या तळाशी स्क्रू असतो, तो ज्या मार्गाला सांधा लावलाय त्यालाच वीज जाईल अशा जागी ठेवा. मग सांधा चुकीचा असला तर सायडिंगमधलं इंजिन हलतच नाही, नाहीतर ते थेट सांध्यावर चढतं.

वाघिणी सोडवणं हाच या नकाशातला खरा त्रास आहे. समांतर उभ्या दोन वाघिणींत 14 मिमी फट उरते, बोट जात नाही. बांबूची सळई पुढून चपटी तासून घ्या, दोन कपलिंगांच्या (वाघिणी जोडणाऱ्या आकड्यांच्या) मधे खालून घाला आणि एकच कपलिंग वर उचला. दोन्ही उचलली तर वाघीण रुळावरून उतरते. इमारती फक्त मागच्या कडेला लावा. पुढे गोदाम उभं केलं की पंधरा दिवसांत ते काढावं लागतं.

पावसाळ्यात फळीकडे लक्ष हवं. एमडीएफ ओल धरून फुगतं, म्हणून 9 मिमी प्लाय घ्या आणि दोन्ही बाजू, कडा धरून, रंगवा. एकच बाजू रंगवली तर ती वाकते. जुलैत पाणसळ ठेवून बघा: या वाघिणी इतक्या हलक्या फिरतात की सोडवलेली वाघीण थोड्याशा उतारावरही आपोआप चालू लागते. रूळ आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसा. पॉलिशपेपर नकोच, त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक बसतो.

जागा आणखी कमी असेल तर 3-2-2 करता येतं, नेकमध्ये इंजिन अधिक 2. त्यात जेमतेम 13 सेमी वाचतात आणि क्रम उरतात फक्त 60. त्यापेक्षा फळी नेकपाशी दोन भागांत कापून बिजागरीने घडीची केलेली बरी.