सोबतीच्या नावाने मागितली जाणारी ‘परत मिळणारी अनामत’

सोबत मिळवून देण्याच्या नावाखाली माझ्या थोरल्या काकांची फसवणूक झाली; त्यांच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे. ते नागपुरात प्रतापनगरला राहतात. काकू गेल्या, मुले नोकरीनिमित्त पुण्याला स्थायिक झाली आणि दिवसभरात त्यांच्याशी चार शब्द बोलणारे घरात कोणी उरले नाही. अशा माणसाला सोबत हवीशी वाटणे यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही, हे मला सर्वांत आधी सांगावेसे वाटते, कारण या फसवणुकीचा सगळा व्यवहार त्या लाजेवरच चालतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर एका अनोळखी क्रमांकावरून ‘चुकून तुम्हाला संदेश गेला, क्षमा करा’ असा मजकूर आला आणि काकांनी सौजन्याने उत्तर दिले. त्यानंतर तो संदेश पाठवणाऱ्या बाई रोज विचारपूस करू लागल्या. जेवण झाले का, रक्तदाबाची गोळी घेतली का, घरी कोण कोण असते, निवृत्तिवेतन वेळेवर येते का, असे प्रश्न त्या आपुलकीने विचारत. थोड्याच दिवसांत ‘माझा फोन घरचे पाहतात’ असे सांगून त्यांनी संभाषण टेलिग्रामवर नेले. आपण जन्मापासून महाल या नागपूरच्या जुन्या भागात राहतो, असे त्या सांगत. परंतु तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काकांनी नागपुरात निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीचा विषय काढला, तेव्हा ती कोणत्या देवीची यात्रा, असे त्यांनी विचारले. महालातल्या माणसाला मारबत ठाऊक नसणे अशक्य आहे. काकांना ते खटकले होते, पण रोजच्या विचारपुशीची सवय झाल्यावर अशी शंका माणूस स्वतःच मिटवून टाकतो.

पुढे ज्येष्ठांना सोबती मिळवून देणाऱ्या एका संस्थेचे नाव निघाले. प्रत्यक्ष भेटीपूर्वी नोंदणी हवी म्हणून ११५० रुपये, मग ओळखपत्रासाठी ३५००, मग सुरक्षा अनामत म्हणून १२,००० आणि शेवटी विम्याच्या नावाखाली १८,५०० रुपये घेतले गेले. प्रत्येक वेळी पहिली भेट झाली की सगळी रक्कम परत मिळेल, असे आश्वासन असे. खरा सापळा इथेच आहे. पहिली रक्कम माणूस भेटीच्या आशेने देतो, पण तिसरी आणि चौथी रक्कम तो आधीचे पैसे सुटावेत म्हणून देतो, त्यामुळे मागणी जितकी वाढत जाते तितके बाहेर पडणे अवघड होते. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर दिसणारे नाव दर वेळी निराळ्याच व्यक्तीचे होते. संस्था खरी असती तर पैसे तिच्या नावाच्या खात्यात गेले असते. इथे ते भाड्याने मिळवलेल्या परक्या खात्यांत जात होते.

भेटीच्या दिवशी त्या बाई आल्या नाहीत; त्यांचा व्हिडिओ कॉल आला. काही सेकंदांत तो बंद झाला आणि काकांचा चेहरा जोडलेली एक अश्लील चित्रफीत त्यांनाच पाठवण्यात आली. पाठोपाठ वर्दीतले छायाचित्र लावलेल्या क्रमांकावरून दिल्ली पोलिसांचा अधिकारी असल्याचे सांगणाऱ्या माणसाने फोन केला आणि ती चित्रफीत यूट्यूबवरून काढण्यासाठी ५१,००० रुपये मागितले. काका मुदत ठेव मोडायला बँकेत गेले असता काउंटरवरच्या ताईंनी त्यांचे थरथरणारे हात पाहून घरच्या कोणाला तरी बोलावण्याचा आग्रह धरला, म्हणून ती रक्कम वाचली. त्या ताईंचे आम्हा सर्वांवर ऋण आहे.

आम्ही लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी रोखले जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आधी घरात सल्लामसलत करत बसू नये. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि फोन आलेले क्रमांक सोबत लागतात. बहुतेक जण शरमेपोटी आधी संभाषणच पुसून टाकतात आणि पुरावा नाहीसा होतो. धमकावून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे, तर संगणक किंवा मोबाइलद्वारे दुसऱ्याची बतावणी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तक्रार करणाऱ्या काकांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता, आणि हे त्यांना पटवून देण्यातच आमची पहिली संध्याकाळ गेली.

शेवटचे १८,५०० रुपये एका खात्यात रोखले गेले असून ते परत मिळू शकतात. आधीच्या रकमा तोवर काढल्या गेल्या होत्या. तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असा आणखी एक फोन आला. पोलीस किंवा १९३० यांपैकी कोणीही अशा कामासाठी शुल्क घेत नाही. काकांनी तो क्रमांकही टिपून घेतला आणि मूळ तक्रारीला जोडला.