ग्लेनफार्क्लस १०५ : उन्हाळा ते दिवाळी, एकच बाटली

ड्यूटी फ्रीमधून आणलेली या स्कॉच व्हिस्कीची लिटरची बाटली ऐन उन्हाळ्यात उघडली आणि दिवाळीपर्यंत पुरवून प्यायलो. आधीच सांगतो, १०५ हे वय नाही. तो प्रूफचा, म्हणजे दारूचा कडकपणा मोजायच्या जुन्या ब्रिटिश मापाचा आकडा; त्याचा अर्थ ६० टक्के अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांची सवय असेल तर पहिला घोट अगदी छोटा घ्या.

बाटली नवी असताना वासात तिखटपणाच जास्त जाणवला. बाटलीतली पातळी खांद्याच्या खाली उतरली आणि चित्र पालटलं. काळ्या मनुका, संत्र्याची साल, अक्रोड, मागून थोडं आलं. गोडवा आहे, पण चिकट नाही. शेवटी जिभेवर भाजल्यासारखी खमंग चव रेंगाळते. मला ही व्हिस्की आवडते ती त्या चवीसाठी.

ही चव कुठून येते ते कळलं की पिण्यात आणखी मजा येते. स्कॉटलंडच्या स्पेसाइडमध्ये, बेन रिनस डोंगराच्या पायथ्याशी ही डिस्टिलरी आहे. परवाना १८३६ चा. १८६५ मध्ये जॉन ग्रांटने ती विकत घेतली आणि आजही ती त्याच घराण्याकडे आहे. (ग्लेनफिडिक व्हिस्कीवाले ग्रांट वेगळे, बरेच जण गल्लत करतात.) बहुतेक डिस्टिलऱ्यांमध्ये दारू गाळायची भांडी वाफेवर तापतात. इथे तांब्याच्या सहाही भांड्यांखाली थेट गॅसची ज्योत असते. तळाशी काही लागू नये म्हणून पहिल्या फेरीच्या भांड्यात तांब्याची साखळी फिरत राहते. १९८१ मध्ये यांनीही वाफ वापरून पाहिली, पण दारूतला भरीवपणा गेला, म्हणून परत ज्योतीवर आले. वाफवलेली भाजी आणि फोडणीत परतलेली भाजी, फरक तोच. वाफेवर इंधन वाचलं असतं, पण घराण्याने चव राखली. बाहेरच्या भागधारकांना उत्तर द्यायचं नसलं की असे निर्णय घेता येतात, असं मला वाटतं.

दुसरी बाजू व्हिस्की मुरते त्या पिंपांची. स्पेनमधली ओलोरोसो शेरीची (ही एक वाइन) पिंपं, मातीच्या जमिनीची बुटकी दगडी गोदामं. कॅरॅमलचा रंग घालत नाहीत, ग्लासात दिसतो तो लाकडाचाच. पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर नाही, त्यामुळे स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीचे शौकीन निराश होतील.

पाण्याबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. ३० मिलीत १० मिली साधं पाणी घातलं की ४५ टक्के होतात, आणि माझ्या मते ही बाटली तिथेच सगळ्यात छान लागते. पाणी घालून दहा मिनिटं थांबा. बर्फाने मनुकांचा वास दबतो, सोड्याने तर सगळंच वाहून जातं. मसालेदार चकण्याबरोबरही घेऊ नका. जेवणानंतर, सोबत भाजलेले बदाम, बस्स.

उणिवा आहेत. लाकूड कधीकधी कोवळं लागतं, आणि १५ वर्षांच्या ग्लेनफार्क्लसमधला मुरलेपणा हिच्यात नाही. ती ४६ टक्क्यांची असते, पाण्याची खटपट नको असेल तर सरळ तीच घ्या. पाहुण्यांसाठीही तीच बरी. १०५ मी पुन्हा घेईन, पण पुण्यातल्या थंडीसाठी. एप्रिलच्या उकाड्यात वासातलं अल्कोहोल फार वर येतं.