एमजीआरएस ग्रिड रेफरन्सचा रिव्ह्यू: आकडे सगळे वाचतात, अक्षरं कोणीच वाचत नाही

आधीच सांगतो, हा कुठल्या ॲपचा रिव्ह्यू नाहीये. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन कोऑर्डिनेट फॉरमॅट बदलायला गेलं की चारपाच पर्यायांत जो ‘एमजीआरएस’ दिसतो आणि आपण घाबरून परत मागे येतो, त्याचा आहे. मिलिटरी ग्रिड रेफरन्स सिस्टीम, म्हणजे नकाशावर चौकोनांची जाळी (ग्रिड) धरून जागा अक्षरं-आकड्यांत सांगायची पद्धत. नाव लष्करी, पण वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, फुकट आहे, नेट लागत नाही, आणि मोबाईल बंद पडला तरी कागदी नकाशावर बोटानं वाचता येते. पाचपैकी चार स्टार. एक कापलाय, त्याचं कारण शेवटी.

लोकांची तक्रार ठरलेली, ‘अरे एवढी अक्षरं कशाला, अक्षांश-रेखांश काय वाईट होते?’ तर थेट एव्हरेस्टचं शिखर घेऊ. अक्षांश-रेखांशात ते साधारण २७ अंश ५९ मिनिटं उत्तर, ८६ अंश ५५ मिनिटं पूर्व. एमजीआरएसमध्ये तेच ४५आर व्हीएल ९२ ९५. दिसायला गाडीच्या नंबर प्लेटसारखं आहे हे मान्य, पण एकेक तुकडा सुटा करून बघा.

४५ हा झोन. १८० अंश रेखांशापासून पूर्वेकडे निघायचं आणि पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या ६० उभ्या पट्ट्या पाडायच्या, त्यातली पंचेचाळिसावी पट्टी ८४ ते ९० अंश पूर्व. आर हा आडवा पट्टा. हे पट्टे ८० अंश दक्षिणेला सी पासून सुरू होतात आणि आठ-आठ अंश वर चढत एक्सपर्यंत जातात, एक्स मात्र १२ अंशांचा केलाय कारण ८४ उत्तरेपर्यंत पोचायचं होतं. आय आणि ओ वगळलेत, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. विषुववृत्ताच्या वर पहिला पट्टा एन, म्हणजे एन किंवा पुढचं अक्षर दिसलं की उत्तर गोलार्ध, बाकी काही आठवलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा. आर म्हणजे २४ ते ३२ उत्तर.

आता व्हीएल, आणि माझ्या मते सगळी करामत इथेच आहे. झोनच्या आत १०० किमी बाय १०० किमीचे चौकोन असतात, पहिलं अक्षर उभ्या रांगेचं, दुसरं आडव्या. एका झोनमध्ये उभ्या रांगा आठ, म्हणून पहिल्या झोनला ए ते एच, दुसऱ्याला जे ते आर, तिसऱ्याला एस ते झेड, आणि चौथ्यात परत ए. ४५ ला तीनने भाग जातो म्हणजे तिथे एस ते झेड. प्रत्येक झोनच्या मधल्या रेषेला ५०० किमी असं ठरवून टाकलंय, उणे आकडे येऊ नयेत म्हणून, आणि व्ही ही ४०० ते ५०० किमीची रांग. ४५ ची मधली रेषा ८७ अंशांवर, शिखर तिच्या जेमतेम सात किमी पश्चिमेला. म्हणजे पूर्वेकडचा आकडा ४९२ किमी आणि काही मीटर, त्यातले शंभराचे चारशे व्हीने खाल्ले, उरले ९२. उत्तरेकडचं पण तसंच. विषुववृत्तापासून ग्रिडवर साधारण ३०९५ किमी, आडव्या रांगांची अक्षरं ए ते व्ही अशी २० च, म्हणून दर २००० किमीला परत ए, ३०९५ मधून २००० गेले की १०९५, आणि अकरावं अक्षर, आय सोडून मोजलं तर, एल. उरले ९५. झालं की! एवढं हाताने एकदा करून बघा, परत त्या अक्षरांची भीती वाटणार नाही.

आणि मग हेही कळतं की अक्षरं गाळली की नक्की काय जातं. नुसतं ‘९२ ९५’ दर १०० किमीला पुन्हा येतं. नुसतं ‘व्हीएल ९२ ९५’ त्याच पट्टीत २००० किमी वर किंवा खाली परत सापडतं. ४५आर लावलं की मग पृथ्वीवर एकच जागा. नकाशाच्या एकाच शीटवर, एकाच डोंगरावर असाल तर आकडेच बोला, कोणी अडवणार नाही, लष्करातही तसंच चालतं. पण शीटच्या मधून १०० किमीची रेष जात असेल तर ९९ च्या पुढे ०० येतं आणि तिथून अक्षर बदलतं, आणि नेमकं तिथेच लोक ‘अक्षरं काय, सेमच आहेत’ म्हणून सोडून देतात. नकाशाच्या मार्जिनमध्ये छोटा चौकट दिलेला असतो, झोन आणि चौकोनाची अक्षरं कुठून कुठपर्यंत ते दाखवणारा, तो आधी बघायचा आणि मग नकाशा.

आकड्यांबद्दल दोनच गोष्टी. आधी उजवीकडे मग वर, हा नियम कधीच मोडत नाही. आणि आकडा रेषेचा असतो, घराचा नाही. ॲटलासच्या मागच्या सूचीत ‘बी ४’ असतं ना, तिथे बी म्हणजे अख्खी उभी रांग आणि ४ म्हणजे अख्खी आडवी रांग, आणि ते त्या पानापुरतंच खरं, पान उलटलं की बी ४ दुसरीकडे. इथे ९२ ही चौकोनाची डावी रेष आणि ९५ खालची. ॲटलासची सवय असलेला माणूस आकडा चौकोनाच्या मध्यभागी शोधत बसतो. चार आकडे म्हणजे एक किमीचा चौकोन, सहा म्हणजे १०० मीटर, आठ म्हणजे १० मीटर, दहा म्हणजे एक मीटर. आणि राउंड ऑफ करायचं नाही, सरळ कापायचं, ९२६ चं ९२ च आणि ९२९ चंही ९२ च, तरच तुमची जागा छोट्या रेफरन्सच्या चौकोनात राहते. शाळेत शिकवलेलं राउंडिंग इथे चक्क शेजारच्या चौकोनात नेऊन सोडतं.

यासोबत रोमर घ्याच. म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची ती कोपरा असलेली पट्टी, बऱ्याच कंपासच्या तळपट्टीवर पण छापलेली असते. कोपरा आपल्या जागेवर ठेवायचा, डावीकडची उभी रेष पट्टीवर कुठे येते आणि खालची आडवी कुठे येते ते वाचायचं, तिसरा आणि सहावा आकडा मिळाला. फक्त स्केल बघून वापरा. १:५०,००० वर एक किमी म्हणजे २ सेंमी, १:२५,००० वर ४ सेंमी. २५ हजाराचा कोपरा ५० हजाराच्या नकाशावर लावला की आकडा कधी पाचाच्या पुढे जातच नाही, ही खूण लक्षात ठेवा. पट्टी नसेल तर कागदाच्या कोपऱ्याला दोन्ही कडांवर दोन-दोन मिमीवर खुणा करा, ५० हजाराचा रोमर तयार.

ब्रिटनच्या नॅशनल ग्रिडशी तुलना केल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होत नाही, कारण अक्षरांचं ग्रिड म्हटलं की बरेच गिर्यारोहक तेच शिकलेले असतात. तिथे पहिलं अक्षर ५०० किमीच्या मोठ्या चौकोनाचं, दुसरं त्यातल्या १०० किमीच्या पंचविसांपैकी एकाचं, फक्त आय गाळलेलं. स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस शिखर एनएन १६६ ७१२, संपलं, झोनबिन काही नाही. वापरायला हे जास्त सुटसुटीत आहे, यात वाद नाही. पण अक्षरं वरून खाली येतात आणि आकडे खालून वर जातात, हे मला कधीच पटलं नाही. शिवाय लंडनच्या टीक्यू चौकोनाच्या पूर्वेला टीआर, ठीक, पण पश्चिमेला टीपी असेल म्हणाल तर तिथे एसयू, कारण मधून ५०० किमीची रेष गेली. एमजीआरएसमध्ये निदान एका झोनच्या आत तरी शेजारचं अक्षर शेजारीच असतं. आयर्लंडच्या ग्रिडला तर एकच अक्षर पुरतं, देशच तेवढ्यात मावतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची मेडनहेड पद्धत अजून वेगळी, तिथे मीटर नाहीत, सगळे अंश, त्यामुळे चौकोन ध्रुवाकडे निमुळते होत जातात. ती ‘मी साधारण इथून बोलतोय’ सांगायला झकास, पायवाट शोधायला नाही.

रेडिओवर एमजीआरएस मस्त चालतं. चार पाच रोमिओ, व्हिक्टर लिमा, नऊ दोन, नऊ पाच. अंश-मिनिट-सेकंद बोलताना दशांश कुठे होता, मिनिटं का सेकंद, हा जो गोंधळ होतो तो इथे होतच नाही, आणि आकडे सम संख्येत आले नाहीत तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं की काहीतरी सुटलं.

डेटम मात्र तपासा, म्हणजे नकाशा पृथ्वीच्या कुठल्या मोजमापावर बेतलाय ते. ॲप जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ डेटमवर आणि नकाशा जुन्या डेटमवर असेल तर शंभर-दोनशे मीटरचा फरक सहज पडू शकतो, आणि काही जुन्या डेटमच्या शीटांवर आडव्या रांगांची अक्षरंच दहा घरं सरकवलेली असतात, म्हणजे एलच्या जागी ए. तेव्हा बावचळून जाऊ नका, मार्जिन वाचा.

आता तो कापलेला स्टार. झोनची कड. चपटे चौकोन गोल पृथ्वीवर बसवायचे म्हटल्यावर प्रत्येक सहा अंशांवर दोन ग्रिड एकमेकांना तिरकी येऊन भिडतात, कडेचे १०० किमीचे चौकोन अर्धवट कापले जातात, आणि अंतर काढायला सरळ वजाबाकी करता येत नाही. नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यासाठी तर ३२व्ही रुंद करून ३१व्ही अरुंद केलाय, आणि नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांकडे ३२एक्स, ३४एक्स, ३६एक्स अस्तित्वातच नाहीत, म्हणजे बेटं कमी झोनमध्ये कापली जातात, आणि बरोबरच आहे ते. बाकीच्यांनी मात्र कडेवर काम असेल तर निघायच्या आधीच ठरवायचं की दोन्ही टीम कुठल्या झोनचं ग्रिड वाचणार. बऱ्याच नकाशांवर कडेजवळ दोन्ही ग्रिडच्या खुणा छापलेल्या असतात, ॲप मात्र रेष ओलांडल्या क्षणी गुपचूप झोन बदलतं, त्यामुळे तिथे वाचताना झोनचे सुरुवातीचे दोन आकडे आणि तिन्ही अक्षरं पूर्ण बोलायची, एकही गाळायचं नाही.