एक्सॅटर नेटवर्कवर ठेवायचे तर एनएफएस ४.२ की सांबा?

एक्सॅटर म्हणजे मजकुराला हात न लावता फाइलीलाच चिकटवलेली छोटी माहिती, आणि एनएफएस व सांबा या नेटवर्कवरून फाइली वापरायच्या दोन व्यवस्था. कागदावर एनएफएस ४.२ सरस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी आमच्याकडे सांबा चालतो. आमचं काम जुन्या छापील अंकांच्या स्कॅनिंगचं. प्रत्येक टिफ फाइलीचा चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचा आकडा), स्कॅन कुणी केलं आणि तपासणी झाली की नाही, एवढं आम्ही यूझर एक्सॅटरमध्ये लिहून ठेवतो. वेगळा डेटाबेस सांभाळायचा नव्हता आणि प्रत्येक फाइलीशेजारी दुसरी फाइलही नको होती. ज्यांना नुसते टॅग आणि रेटिंग जपायचं आहे, त्यांनी पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल. त्यांचं दोन्हींत भागेल.

एनएफएसचं आधी बोलू. व्हर्जन ३ मध्ये एक्सॅटर नव्हतेच, फक्त पॉझिक्स एसीएल (फाइल कुणी वापरायची याच्या परवानग्या) एका वेगळ्या जोडप्रोटोकॉलवरून जायचे. एनएफएस ४.२ ला एक्सॅटर देणारं मानक, आरएफसी ८२७६, डिसेंबर २०१७ मध्ये आलं आणि लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ती सोय ५.९ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून मिळाली. त्यामुळे माउंटच्या (शेअर मशीनला जोडण्याच्या) ओळीत ४.२ दिसलं की काम झालं, असं धरून चालू नका. ४.२ त्याच्या आधीपासून होतं, एक्सॅटर नव्हते. उबुंटू २०.०४ सोबत आलेल्या ५.४ कर्नलवर ते मिळणार नाहीत, २२.०४ च्या ५.१५ वर मिळतील. तयार नॅस (नेटवर्कवरचं साठवणीचं यंत्र) घेणार असाल तर आत कर्नल कुठला आहे, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

हे विचारायला सांगतोय, कारण चूक झाली तरी कुणी ओरडत नाही. लिनक्सची कॉपीची कमांड ‘सीपी -ए’ सगळं जपतो अशी आपली समजूत असते. पण समोरची फाइल सिस्टिम एक्सॅटर घेत नसेल तर तो काहीही न बोलता फाइल कॉपी करतो आणि एक्झिट कोड शून्यच देतो. एक्सॅटर गळून पडतात, स्क्रिप्ट हिरवी. ‘--प्रिझर्व्ह=एक्सॅटर’ असं स्पष्ट लिहिलं तरच तो तक्रार करतो. कॉपीचंच दुसरं साधन आरसिंक, त्याच्या ‘-ए’मध्येही एक्सॅटर येत नाहीत, त्यासाठी मोठा ‘एक्स’ वेगळा द्यावा लागतो. हे दोन्हींकडे सारखंच असल्याने याचे गुण कुणाचेच कापत नाही.

आता सुरक्षिततेचं. एनएफएसची नेहमीची सेक=सिस पद्धत क्लायंटने सांगितलेल्या यूआयडीवर (यूझरच्या क्रमांकावर) विश्वास ठेवते. स्वतःच्या लॅपटॉपवर रूट (सर्वाधिकारी यूझर) असलेला कुणीही १००१ नंबरचा यूझर होऊन त्या यूझरच्या फाइलींवर ‘तपासलं’ असा शिक्का मारू शकतो. सर्व्हरवरचं रूट स्क्वॉश फक्त रूटला अडवतं, १००१ ला नाही. आरएफसी ९२८९ चं टीएलएस, म्हणजे वाटेवरचं एन्क्रिप्शन, आता लिनक्समध्ये आहे, कर्नल ६.५ पर्यंत सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही बाजू तयार झाल्या. पण त्याने वाटेवरचं ऐकणं थांबतं, फार तर मशीनची ओळख पटते. त्या मशीनवर बसलेला माणूस कोण, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचं खरं उत्तर केर्बेरॉस, म्हणजे मुदतीचं तिकीट देऊन माणसाची ओळख पटवणारी व्यवस्था, आणि मजकूरही झाकायचा तर तिचीच केआरबी५पी पद्धत.

माझं मत फिरलं ते इथेच. केर्बेरॉस लावणं अवघड नाही. डीएनएस नीट असावं, घड्याळं पाच मिनिटांच्या आत जुळावीत, कीटॅब (किल्ल्यांची फाइल) तयार करावी, झालं. वैताग तिकिटाच्या मुदतीचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत यूझरचं तिकीट मुळात दहा तासांचं असतं. आमची चेकसमची फेरी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर सुरू होते आणि मोठ्या बॅचला सकाळ उजाडते. सकाळी लॉग उघडला की रात्री कधीतरी ‘की हॅज एक्स्पायर्ड’ सुरू झालेलं, आणि त्यापुढे प्रत्येक फाइलीसाठी तीच ओळ. माउंट जागेवर, सर्व्हर चालू, डिस्कला काही झालेलं नाही. फक्त अर्ध्या बॅचवर चेकसम आहे आणि अर्ध्यावर नाही. आपल्या स्क्रिप्टच्या हिशेबी ‘एक्सॅटर नाही’ याचा अर्थ ‘तपासलं नाही’, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी फेरी.

उपाय आहेत. तिकीट रिन्यू करता येतं, पण तेही साधारण सात दिवसांपर्यंत. कीटॅब ठेवून के५स्टार्टने किंवा जीएसएस-प्रॉक्सीने आपोआप नवं घेता येतं. पण मग रात्रीच्या कामासाठी त्या मशीनवर एक कायमची किल्ली पडून राहतेच. सांबावर सीआयएफएस माउंटसाठी (लिनक्सवरून सांबाची शेअर जोडण्यासाठी) क्रेडेन्शियल फाइल, म्हणजे पासवर्डची फाइल ठेवतो, फक्त रूटला वाचता येईल अशी, तेव्हा त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते दोन्हींतला धोका जवळपास सारखाच. फरक एवढा की सांबाचं सेशन तुटलं तर कर्नल त्याच पासवर्डने पुन्हा जोडून घेतो आणि रात्रीचं काम पुढे सरकतं. आमच्याकडे ते सरकतंय, माझं मोजमाप तेवढंच. तुमच्याकडे दिवसा माणसंच काम करत असतील तर हा मुद्दा कदाचित उभाच राहणार नाही.

सांबाकडे एक्सॅटरचा पाठिंबा ४.९ पासून मुळातच चालू असतो. वाटेवरच्या एन्क्रिप्शनला सर्व्हरवर एक ओळ आणि क्लायंटवर माउंटचा ‘सील’ पर्याय पुरतो. ऑफिसात विंडोज आणि मॅक असतील तर खरं म्हणजे पर्यायच उरत नाही. विंडोजचा एनएफएस क्लायंट व्हर्जन ३ च्या पुढे जात नाही, आणि मॅकवरून एनएफएसला जोडलं की टिंब-अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या फाइलींचा पसारा सगळ्या फोल्डरांत पडतो.

सांबा स्वच्छ आहे असं मात्र नाही. तो स्वतःची माहितीही त्याच यूझर नेमस्पेसमध्ये (एक्सॅटरच्या नावांच्या गटात) कोंबतो: विंडोजच्या फाइलखुणांचं डॉसअ‍ॅट्रिब, शिवाय मॅक आणि विंडोजचे स्ट्रीम, म्हणजे फाइलीला जोडलेला जादा मजकूर. ब्राउझरने उतरवलेली फाइल विंडोजवरून टाकली तर झोन-आयडेंटिफायर नावाच्या स्ट्रीममध्ये ती कुठल्या यूआरएलवरून आली तेही सोबत येऊन बसतं. सर्व्हरची फाइल सिस्टिम एक्स्ट४ असेल तर एका फाइलीचे सगळे एक्सॅटर साधारण ४ केबीच्या एका ब्लॉकमध्ये मावावे लागतात, त्यामुळे या गर्दीत आपल्या चेकसमला जागा न मिळणं अशक्य नाही. खाली एक्सएफएस ही फाइल सिस्टिम ठेवा, तिथे एकेका व्हॅल्यूला ६४ केबीपर्यंत मुभा आहे. दुसरी गंमत अशी की मॅकवर लावलेला टॅग लिनक्सवरच्या टॅगशी जुळत नाही. डिस्कवर दोन्ही शेजारी असतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत.

आणि सीव्हीई-२०२१-४४१४२ ही सुरक्षेतली त्रुटी विसरू नका. सांबाच्या मॅकसाठीच्या फ्रूट मॉड्यूलमध्ये एक्सॅटर वाचतानाच मेमरीच्या हद्दीबाहेर जाणारी चूक होती. ज्याला फाइलीचे एक्सॅटर लिहिता येतात त्याला रूट म्हणून कोड चालवता आला असता. जानेवारी २०२२ च्या अखेरीस ४.१३.१७, ४.१४.१२ आणि ४.१५.५ मध्ये ती बुजवली. ऑफिसात मॅक नसतील तर फ्रूट लावूच नका.

एका बाबतीत दोघेही सारखेच उघडे आहेत. यूझर एक्सॅटर बदलायला फाइलीवर लिहिण्याचा हक्क पुरतो, म्हणजे ज्याला फाइल बिघडवता येते त्याला चेकसमही बदलता येतो. म्हणून आम्ही चेकसमची एक प्रत सर्व्हरवरच, ट्रस्टेड नेमस्पेसमध्ये ठेवतो. तिथे लिहायला-वाचायला सर्व्हरवरचे अ‍ॅडमिन अधिकार लागतात, आणि एनएफएस ४.२ तर यूझरखेरीज दुसरं नेमस्पेस नेतच नाही. सर्व्हरवरची क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) दोन्ही प्रती ताडून पाहते. डिस्क चोरीला जाण्याची भीती असेल तर खाली लक्स (अख्खी डिस्क झाकणारं एन्क्रिप्शन) घाला. फाइलवार एन्क्रिप्शन करणारं एफएसक्रिप्ट फाइलीचा मजकूर आणि नाव झाकतं, एक्सॅटर उघडे ठेवतं. त्यांत काय जाऊन बसेल याचा नेम नसतो: १.२०.१ च्या आधीचं डब्ल्यूगेट (इंटरनेटवरून फाइली उतरवणारं साधन) यूआरएलमधला पासवर्डसुद्धा त्यात लिहून ठेवायचं.

सगळी मशीन लिनक्सची, कर्नल ताजे, केर्बेरॉस सांभाळणारा माणूस हजर आणि रात्रीची कामं सर्व्हरवरच चालणारी, असं असेल तर एनएफएस ४.२ घ्या, मी अडवणार नाही. ते जास्त नेटकं आहे. आमच्यासारखं खिचडी ऑफिस असेल तर सांबा लावा. फक्त एन्क्रिप्शन सक्तीचं केलं की जुन्या स्कॅनरचं ‘स्कॅन टू फोल्डर’ बंद पडू शकतं. त्याला एन्क्रिप्शनशिवायची वेगळी शेअर द्या, आणि फाइल तिथून मुख्य शेअरमध्ये आल्यावरच तिच्यावर एक्सॅटर लिहा.