पक्षिनिरीक्षणाची हिवाळी वर्गणी: चार महिन्यांनंतर

डिसेंबर ते मार्च, एक रविवार सोडून एक, अशा ८ फेऱ्या. वर्गणी आगाऊ भरलेली, म्हणून एकही चुकवली नाही. वेळ पाळतात, गट १२ जणांचाच ठेवतात, मार्गदर्शकाचा कान तयार आहे. दुर्बिणी ८x४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, पुढचं भिंग ४२ मिमीचं) मिळतात आणि त्याच बऱ्या. माझ्या १०x४२ मध्ये हात जरा हलला की चित्र थरथरतं, पहाटे उजेडही कमी पडतो.

तक्रार स्पीकरची.

जानेवारीत मलाही तो आवडला होता. रेकॉर्ड केलेला आवाज लावताच झुडपात दडलेला वटवट्या बाहेर आला, सगळ्यांना फोटो मिळाले. मार्चच्या पहिल्या फेरीत मात्र त्यांनी दयाळाचं गाणं लावलं. हिवाळ्यात हा पक्षी जवळजवळ गप्प असतो. वीण जवळ आली की उंच फांदीवरून गायला लागतो, कारण ते गाणं म्हणजे हद्दीची राखण. आमचा स्पीकर त्याच्या लेखी घरात घुसलेला दुसरा नर. चोचीतली अळी टाकून तो थेट आमच्यासमोर उतरला. अंग फुगवलेलं, शेपटी उभी, चोच वर. या फांदीवरून त्या फांदीवर, नसलेल्या शत्रूला शोधत राहिला. मागच्यांना दिसला नाही म्हणून आवाज पुन्हा लावला. "पुरे आता," म्हटलं तर "एकदाच" असं उत्तर आलं. पिल्लं वाढवायच्या दिवसांत त्याची ताकद आपल्या फोटोसाठी का खर्ची पडावी?

घरी येऊन उरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत मागितले. "सगळेच लावतात," असं उत्तर आलं. मी पुन्हा सविस्तर लिहिलं. पैसे मिळाले नाहीत, आणि दोन तारे द्यायचं मी ठरवून टाकलं.

पुढच्या फेरीला मार्गदर्शकाने स्पीकर आणलाच नव्हता. त्याच झाडापासून लांब आम्हाला २५ मिनिटं उभं केलं. दयाळ आपणहून आला, गायला, मध्येच खाली उतरून किडा टिपून परत गेला. वाट बघताना पाण्याकाठी पांढरा धोबी हा हिवाळी पाहुणा पक्षी दिसला. जानेवारीत त्याचा गळा पांढरा होता, छातीवर फक्त काळी कोर. आता काळा रंग हनुवटीपर्यंत चढला होता, मध्ये दोन-तीन पांढरी पिसं राहिली होती. परतीच्या प्रवासाआधीचा हा पिसारा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

चार तारे. पुढच्या वर्षीची वर्गणी भरणार आहे, पण विणीच्या दिवसांत स्पीकर लावणार नाही हे आधी लेखी घेऊन.